खूण केली होती, पाहिली कोणीच नाही

रात्रीचे पावणेबारा. दुसरी शिफ्ट करून आलो होतो, डबा तसाच पिशवीत, आणि बीजीएमआयची, म्हणजे पबजीच्या भारतीय अवताराची, मोबाईलवरची मॅच शेवटच्या झोनपर्यंत, आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाच्या शेवटापर्यंत, पोचली होती. एरँगलचा नकाशा, माळावरचं एक दुमजली घर, त्यात आम्ही चौघे जिवंत. मी आणि मेडिकल वरच्या खिडक्यांत, पंचवटी जिन्यावर (ही आमच्यातली टोपणनावं), आणि नवा पोरगा खाली मागच्या दाराशी. मागून दोघे आले. खिडकीतून ग्रेनेड, पंचवटी नॉक, म्हणजे जखमी होऊन आडवा, मग जिन्यावर धडाधड, आणि पंधरा सेकंदांत सगळा खेळ खलास.

मेडिकल भडकला. "तू खालीच होतास ना? दोन माणसं भिंतीला चिकटून आली, तोंड नाही का तुला?"

पलीकडून एक शब्द नाही. पोराचा माईक बंदच होता. थोड्या वेळाने तो लॉबीतून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही.

हे लिहितोय ते त्या पोराबद्दल, पण जास्त आमच्याबद्दल. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीत आहे. लाईनवर पार्ट रिजेक्ट झाला की ऑपरेटरला झापून भागत नाही, व्हाय-व्हाय करावं लागतं: का झालं, आणि ते का झालं, आणि तेही का. एक चांगला भिडू मुका का राहतो, याचं व्हाय-व्हाय केलं तर काय निघेल, एवढीच उत्सुकता होती.

आधी माणसं सांगतो. आमच्यात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. मेडिकल गंगापूर रोडवर औषधाच्या दुकानात कामाला. पंचवटी कॉलेजात आहे, राहतो पंचवटीत. मी वयाने मोठा म्हणून दादा. हा ग्रुप २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पबजीवर जमला. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा फुटला, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आल्यावर पुन्हा जमला. २०२२ च्या जुलैत तीही स्टोअरवरून गेली, २०२३ च्या मेमध्ये परत आली. एवढ्या वेळा फुटून जमलेल्या ग्रुपची भाषा फार घट्ट होते, हे मला आता कळतंय. आमचा मूळ चौथा गडी लग्न होऊन पुण्याला गेला. त्याच्या जागी सातपूरच्या आयटीआयमधला एकोणीस वर्षांचा एक पोरगा आला, बागलाणकडचा. पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं सटाणा, त्या तालुक्याच्या मुख्य गावावरून.

नेम चांगला, स्वभाव शांत. पण बोलायचा नाही. आम्ही आपापली कारणं ठरवून टाकली होती. मेडिकल म्हणायचा माज आहे, पंचवटी म्हणायचा लाजाळू आहे. मी म्हणायचो, होईल हळूहळू. सगळ्यात आळशी कारण माझंच.

रेकॉर्डिंगमध्ये काय दिसलं

पंचवटी रील बनवायला रोजची स्क्रीन रेकॉर्ड करतो. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मी रविवारी निवांत बसून पाहिलं. पहिला ग्रेनेड पडायच्या नऊ सेकंद आधी, मागच्या बाजूला, बरोबर त्या भिंतीपाशी, एक खूण उमटलेली दिसते. सटाण्याच्या रंगाची. त्याने मार्कर टाकला होता! पोरगा बोलला होता. आम्ही ऐकलं नव्हतं.

का? कारण त्याच वेळी स्क्रीनवर माझी एक खूण होती, पाच मिनिटांपूर्वीच्या गाडीवर. मेडिकलची एक, कुठल्यातरी लुटीवर. आम्ही खुणा टाकतो आणि विसरतो. भिंतीवर जुनी निवडणूक पोस्टरं असावीत तसं, नवं लागलं तरी नजर जात नाही. आणि त्या नऊ सेकंदांत आम्ही तिघे काय बोलत होतो? मेडिकल सांगत होता की उद्या दुकानात स्टॉक मोजायचाय.

व्हाय-व्हायचं पहिलं उत्तर इथेच निघालं, आणि ते सटाण्याच्या खात्यावर नव्हतं.

त्रिमूर्ती चौकातला चहा

त्याला मेसेज नाही केला. ग्रुपवर "काय रे, येत का नाहीस" असं चार जणांसमोर विचारलं की माणूस "काम होतं दादा" एवढंच म्हणतो. त्रिमूर्ती चौकात चहाला बोलावलं. दोन कटिंग होईपर्यंत डाळिंबाचा भाव आणि आयटीआयचे सर एवढंच चाललं. मग त्याने एकदम साधी गोष्ट सांगितली:

"दादा, माईक चालू केला ना, की पावलं ऐकू येत नाहीत."

त्याच्याकडे गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ इयरफोन. अशा इयरफोनवर नुसतं ऐकत असलो तोवर आवाज भरीव येतो आणि डावा-उजवा वेगळा कळतो. माईक सुरू झाला की फोन त्याच जोडणीला कॉलवर टाकतो. मग आवाज फोनवरच्या बोलण्यापुरता उरतो, चपटा, दोन्ही कानांत सारखा. ज्या खेळात शत्रू कुठून येतोय हे पावलांवरून ओळखायचं, तिथे डावा-उजवा गेला म्हणजे एक कानच गेला. त्या पोरापुढे रोज प्रश्न होता: ऐकू की बोलू? त्याने ऐकणं निवडलं, आणि ते बरोबरच होतं. आम्ही त्याला माज म्हणत होतो.

तारेचा साधा इयरफोन मेनरोडवर रस्त्याच्या कडेला मिळतो, चहा-मिसळीच्या खर्चात. तो घेतला. पंचवटीने आधी सुचवलं होतं की बोलायला वेगळं ॲप लावू, पण सटाण्याच्या फोनची रॅम तेवढी नाही, गेमच कशीबशी चालते. नव्या भिडूला शहाणपण शिकवण्याआधी त्याच्या हातातला फोन बघावा. ही गोष्ट मला दोन महिने सुचली नाही, आणि मी क्वालिटीत नोकरी करतो.

चहा संपता संपता दुसरं कारण निघालं, ते मात्र इयरफोनइतकं स्वस्त नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्याने माईक उघडला होता. गडबडीत त्याच्या तोंडून आलं, "तठे दोन शेतस!" अहिराणीत याचा अर्थ तिथे दोघे आहेत. पंचवटी हसला. मीही हसलो. वाईट हेतू नव्हता, पुढचे दोन दिवस आम्ही प्रेमानेच "तठे, तठे" करत होतो. पोरगा मात्र तेव्हापासून आधी मनात वाक्य शहरी करायचा आणि मग बोलायचा विचार करायचा. तोवर शत्रू घरात.

तिसरं कारण मी स्वतः शोधलं. आमचे शब्द. एरँगलच्या दक्षिणेला मिलिटरी बेसचं बेट आहे, तिथे जायला दोन पूल. आम्ही एकाला होळकर पूल म्हणतो, दुसऱ्याला कन्नमवार, नाशिकमधल्या गोदावरीवरच्या पुलांवरून. पुलावर लोक टपून बसतात आणि सगळे अडकतात, त्या तोंडाला द्वारका, आमच्या गर्दीच्या चौकावरून. नाशिककर हसेल, बरोबर समजेल. पण दोन महिन्यांपूर्वी शहरात आलेल्या पोराने खरा होळकर पूलसुद्धा एकदाच ओलांडला होता, रामकुंडावर जाताना. "कन्नमवारने जा" ऐकून तो नकाशाकडे बघत बसायचा आणि विचारायची लाज वाटायची, कारण सगळ्यांना माहीत आहे असं दिसत होतं.

जे केलं आणि फसलं

पहिला उपाय मेडिकलचा: त्याला सारखं बोलतं करायचं. "बोल रे सटाणा, काय दिसतंय, बोल ना." दर दोन मिनिटांनी. नव्या सुनेला पाहुण्यांसमोर "अगं बोल की" म्हणतात तसं. पोरगा जास्तच मिटला. एका मॅचमध्ये तर "काही नाही, काही नाही" एवढंच म्हणत राहिला, आणि तेही चुकीचं निघालं, कारण डोंगरावर तिघे होते.

दुसरा उपाय माझा, आणि तो जास्त हास्यास्पद. मी कारखान्यात एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत, लिहितो, तशी लिहिली. चाळीस कॉल, म्हणजे ओरडून सांगायची ठरावीक वाक्यं, कुठल्या प्रसंगी कुठलं, एक्सेलमध्ये, प्रिंट काढून दिली. त्याने घडी घालून पाकिटात ठेवली. गोळ्या सुरू झाल्यावर पाकीट कोण उघडतो?

मग जे चाललं

चाळीसवरून आम्ही एकावर आलो. तुझ्याकडे फक्त पाठ. ग्रुपच्या मागे काय चाललंय तेवढंच तू सांगायचं. पुढे काय होतंय, झोन कुठे, गाडी कुठे, ते आमच्याकडे. त्याने पाठीमागे काही नसेल तेव्हा गप्प राहायचं, आणि ती गप्प बसण्याची परवानगी आम्ही उघड दिली. याने फार फरक पडला. मला वाटतं नवा माणूस गप्प असतो तो शब्द नाहीत म्हणून नव्हे. यातलं काय सांगण्यालायक आहे आणि काय चौघांना माहीतच असेल, हे त्याला ठरवता येत नाही. पाठ त्याची ठरली, तर तिथलं दुसऱ्या कोणाला माहीत असण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुसरं, डावं-उजवं बंद. नाशकात पत्ता सांगताना आपण "कॅनडा कॉर्नरवरून डावीकडे" म्हणतो आणि समोरचा विचारतो, कुठून येताना? मॅचमध्ये तो प्रश्न विचारायला वेळ नसतो. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, म्हणून प्रत्येकाचं डावं वेगळं. स्क्रीनच्या वर होकायंत्राची पट्टी असते: उत्तर, मग आकडे वाढत पूर्व ९० वर, दक्षिण १८० वर, पश्चिम २७० वर. आकडा सांगितला की तोंड कुठेही असो, सगळे एकाच दिशेला वळतात.

इथे एक मेख आहे. आकडा दिशा सांगतो, जागा नाही, आणि दिशा मोजली जाते सांगणाऱ्याच्या पायापासून. समजा तुम्ही माझ्यापासून ५० मीटर आडवे आहात आणि शत्रू माझ्या नाकासमोर १०० मीटरवर आहे. तुमचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा सुमारे २७ अंशांनी वेगळा येईल. म्हणजे मी सांगितलेल्या ठिकाणी तुम्हाला रिकामं झाड दिसणार, आणि तुम्ही म्हणणार, "कुठंय? खोटं बोलतो." शत्रू ३०० मीटरवर असेल तर तोच फरक साधारण साडेनऊ अंशांवर येतो, तेवढा खपतो. म्हणून आमचं ठरलं: एकाच घरात किंवा एकाच दगडामागे असू तेव्हा आकडा. पांगलेले असू आणि शत्रू जवळ असेल तर मार्कर, कारण खूण जमिनीवर पडते, ती सगळ्यांना एकाच जागी दिसते. सटाण्याने त्या हरलेल्या रात्री मार्कर टाकला होता तो उपजत शहाणपणाने. त्याच्या बाजूने आम्ही एकच केलं: शिळ्या खुणा ठेवायच्या नाहीत. गाडीत बसलो की गाडीवरची खूण काढायची. आता स्क्रीनवर नवी खूण आली की डोळा तिकडे जातोच.

आकडा बोलण्याचीही एक गंमत झाली. तारेच्या स्वस्त माईकवर "दोनशे वीस" आणि "दोनशे तीस" सारखंच ऐकू येतं. दोनदा आम्ही चुकीच्या कुंपणावर गोळ्या झाडल्या. पंचवटी म्हणाला इंग्रजीत बोल, थर्टी-ट्वेंटी. सटाणा इंग्रजी आकड्याला अर्धा सेकंद अडखळायचा. शेवटी मोबाईल नंबर सांगतो तसं सुरू केलं, एकेक आकडा: दोन, तीन, शून्य. मग किती जण. मग काय करतायत. "दोन-तीन-शून्य, दोन जण, पळत." जण हा शब्द सोडायचा नाही, नाहीतर शेवटचा दोन हा आकड्यातला की माणसांचा, कळत नाही.

दिशा आधी, हेही मुद्दाम. आपण सरळ मराठीत म्हणतो, "अरे दोघे जण त्या विहिरीपलीकडच्या झाडामागे आहेत." वाक्य उत्तम, पण वळायचं कुठे ते मधे कुठेतरी लपलेलं. दिशा पहिली आली की ऐकणारा उरलेलं ऐकत ऐकत वळतो. पहिले काही दिवस आम्हा जुन्यांनाच हे जड गेलं. मेडिकल अजूनही "अरे अरे अरे" ने सुरुवात करतो, आणि तोवर मेलेला असतो.

तिसरी गोष्ट कारखान्यातून आणली. आमच्या शॉपमध्ये ओव्हरहेड क्रेन आहे. क्रेन चालवणारा एकाच माणसाचे हातवारे मानतो, दहा जण हात हलवत असले तरी. अपवाद एकच: 'थांब'. थांबण्याची खूण कोणीही करो, अगदी झाडणाऱ्या मावशींनी केली तरी, लोड जागच्या जागी थांबतो. आम्ही तेच घेतलं. लढाई सुरू असताना एकच आवाज चालणार, बहुतेक वेळा माझा, मी पडलो तर पंचवटीचा. पण "पाठ!" हा शब्द कोणीही कधीही ओरडू शकतो, आणि तो ऐकला की बाकी तिघांनी तोंड बंद ठेवायचं. दोन सेकंद तरी. मोजून.

हे दोन सेकंद सगळ्यात अवघड होते, कारण गप्प बसायला जुन्यांना शिकावं लागत होतं. मेडिकलला पटेना. म्हणे, "नव्यासाठी आम्ही का बदलायचं?" मी त्याला पंचवटीच्या रेकॉर्डिंगमधले ते नऊ सेकंद ऐकवले, स्टॉक मोजण्याच्या बोलण्यासकट. तो हसला, शिवी दिली, पण तेव्हापासून ऐकतो.

आणि हो, तठे. मी त्याला सांगितलं, मनात भाषांतर करत बसू नको, जे पहिलं तोंडात येईल ते बोल. आम्ही बागलाणात आलो तर तुम्ही आमच्या "तिकडे"ला हसाल का? तो म्हणाला, "हसू ना दादा." हा पहिला विनोद त्याने माझ्यासमोर केला.

महिन्याभराने

एक मॅच सांगतो. एरँगलमधल्या पोचिंकी गावाच्या बाहेरची घरं, पुन्हा तेच चित्र, आम्ही वर, तो खाली. मी समोरच्या टेकडीवर गोळ्या झाडत होतो, मेडिकल बोलत होता. "पाठ!" सगळे गप्प. "एक-नऊ-पाच, एक जण, भिंतीला... दुसरा बी शे." दुसरा बी शे! मेडिकल जिन्यावरून खाली वळला, पंचवटीने मागच्या दारात स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, टाकला, आणि आलेले दोघे दारातच गेले. मॅच आम्ही जिंकलो नाही. पुढच्या झोनला टेकडीवाल्यांनी आम्हाला लोळवलं, चूक माझी होती. पण त्या वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पंचवटीने ठेवलंय.

सगळं सुटलंय असं नाही. चौघांतलं कोणी नसलं आणि अनोळखी भिडू जोडला गेला, की सटाणा पुन्हा गप्प होतो. समोरून हिंदीत सपासप बोलणारा, शिव्या घालणारा कोणी असेल तर आम्ही जोर करत नाही. अशा वेळी तो मार्कर आणि क्विक चॅटमधली ठरावीक वाक्यं वापरतो. ती वाक्यं आधीच सेट केली आहेत, मोजून सहा, अंगठ्याजवळ. तेवढ्यात काम भागतं. टीडीएममध्ये, म्हणजे दोन टीमच्या थेट छोट्या लढतीत, मात्र या सगळ्याचा काहीच उपयोग नाही. तिथे चाळीस किलची धावाधाव, जो तो आपल्यापुरता, तिथे बोलणं शिकवायला जाऊ नये. आम्ही आठवडाभर तोच घोळ घातला होता.

होळकर पूल, द्वारका ही नावं आम्ही सोडली नाहीत. जिवावर आलं. त्याऐवजी एका रविवारी नकाशा उघडून त्याला सगळी नावं फिरवून दाखवली, आणि त्याच संध्याकाळी गाडीवरून खरी ठिकाणंही. द्वारकेला सिग्नलवर इतका वेळ उभे राहिलो, की तो म्हणाला, आता समजलं हे नाव का दिलं.

तिथेच सिग्नलवर मी विचारलं, सटाण्यात घर कुठे, बसस्टँडच्या जवळ का? तो म्हणाला, "दादा, मी सटाण्याचा नाही. नामपूरचा आहे."

"मग दोन महिने बोलला का नाहीस?"

"तुम्ही कोणी विचारलंच नाही ना."

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले.